देवळाची पाठ बघितलीय का?

ऑगस्ट लागला की सांगलीत एकच प्रश्न कानावर पडतो, ‘आयर्विनला किती झालं?’ चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या गेटवर, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळीकडे तेच. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी पाणी किती फूट चढलं, यावर घरातलं सामान वर न्यायचं की थांबायचं ते ठरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला होता. तो आठवडा ज्यांनी पाहिला त्यांना कृष्णामाई म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता एक कल्पना करा. या नदीच्या अगदी काठावर, पुराच्या ऐन वाटेत एक इमारत बांधायचं काम तुम्हाला दिलंय. काँक्रीट नाही, लोखंडी सळ्या नाहीत, कॉम्प्युटर नाही. हाताशी दगड, चुना आणि माणसं. आणि अट अशी, की अडीचशे वर्षांनीही ती जागची हलता कामा नये.

जमेल?

सांगलीच्या वरच्या अंगाला, याच नदीवर, वाईत हे काम १७६२ साली एकानं करून ठेवलंय. ती इमारत तुम्ही नक्की पाहिलीय. बहुतेक तिच्यासमोर उभं राहून सेल्फीही काढलाय. पण तिची पाठ बघितलीय का?

पाण्याला वाट देणारी भिंत

आपला वाईचा प्लॅन ठरलेला असतो. महाबळेश्वर किंवा पाचगणीला जाताना पसरणीचा घाट चढायच्या आधी तासभर थांबायचं. गाडी लावायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटाच्या पायऱ्यांवर दोन रील, चार फोटो, मिसळ आणि पुढं. मीही दहा वेळा असंच केलं. अकराव्या वेळी घाटावर बसलेल्या एका आजोबांनी हटकलं, “आरं पोरा, फुडनं किती फोटू काढशील? मागं जाऊन बघ की. खरी करामत तिथं हाय.”

मागं गेलो आणि बघत राहिलो. पुढून चौकोनी, साधं वाटणारं हे देऊळ मागच्या बाजूला निमुळतं होत जातं. दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती तिरक्या येऊन एका टोकाला मिळतात. लोक त्याला मत्स्याकृती म्हणतात, म्हणजे माशासारखा आकार. मला ते होडीचं नाक वाटलं. आणि पुराचं पाणी अंगावर येतं ते नेमकं याच बाजूनं.

ही काही शोभा नाही, हे साधं विज्ञान आहे. वाहतं पाणी सपाट भिंतीवर आदळलं की त्याचा सगळा जोर भिंत अंगावर घेते. शिवाय पाणी कोपऱ्यांवरून वळताना भोवरे पडतात आणि ते भोवरे पायाजवळची माती उकरून नेतात. पुष्कळ बांधकामं पुरात पडतात ती भिंत कच्ची म्हणून नव्हे, तर पाया उघडा पडला म्हणून. तेच पाणी टोकावर आलं की दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी घसरून निघून जातं. कुठल्याही जुन्या दगडी पुलाचे खांब बघा, प्रवाहाच्या बाजूला ते टोकदार केलेले असतात. त्याच युक्तीनं इथं अख्खं देऊळ उभं केलंय. पाण्याशी कुस्ती खेळायची नाही, त्याला वाट करून द्यायची.

आत बसलेला गणपती तर या हिशेबात चपखल बसतो. सुमारे दहा फूट उंच, आठ फूट रुंद आणि एकाच दगडातून घडवलेला. त्याच्या आकारावरूनच गावानं त्याला ढोल्या म्हटलं. देवाला इतक्या प्रेमानं ‘जाड्या’ म्हणणारं गाव मला तरी दुसरं माहीत नाही! गणपतीच्या पाठीचं दर्शन घेऊ नये, असं आपल्याकडं मोठी माणसं सांगतात. मूर्तीचं राहू द्या, देवळाच्या पाठीचं मात्र जरूर घ्या.

रास्त्यांची वाई

हे देऊळ बांधलं गणपतराव भिकाजी रास्ते यांनी. रास्ते हे पेशवाईतलं मोठं सरदार घराणं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घरातल्या, भिकाजी रास्त्यांच्या कन्या.

आता १७६२ हे साल पुन्हा एकदा बघा. त्याच्या आदल्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव तिथं पडला. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबही गेले. एका वर्षात लेक विधवा झाली, नातू गेला, असं ते घर. त्या घरानं पुढच्या वर्षी नदीकाठी देऊळ उभं केलं, तेही पुराला पुरून उरेल असं. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, हे कुठल्या शिलालेखात वाचायला मिळणार नाही. पण ही सालं शेजारीशेजारी ठेवून त्या भिंतीला हात लावा. पुस्तकातलं पानिपत एकदम जवळ येतं.

ढोल्या गणपतीच्या जवळच काशी विश्वेश्वराचं देऊळ आहे. ते त्याच्याही आधीचं, १७५७ चं, आणि तेही रास्त्यांचंच. इथला नंदी चुकवू नका. काळा, गुळगुळीत दगड. गळ्यातल्या माळा, अंगावरचे दागिने सगळं दगडातच कोरलेलं. बोट फिरवलं तर धातू वाटावा, असा हात कारागिराचा. या कारागिरांची नावं मात्र कुठं लिहिलेली नाहीत. बांधवून घेणाऱ्यांची नावं राहिली, बांधणाऱ्यांची गेली. पुढं विष्णू आणि महालक्ष्मीची देवळंही रास्त्यांनीच बांधली. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत एका घराण्यानं एका गावाचा नदीकाठ बदलून टाकला.

त्याआधी वाई नव्हती असं नाही. अफजलखान वाईचा सुभेदार होता, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली भेटीला जाण्याआधी त्याचा तळ इथंच पडला होता. पण आज आपण जी घाटांची वाई बघतो, तिला ‘दक्षिण काशी’ म्हणतो, ती मुख्यतः पेशवाईतली.

घाटांवरून चालतच फिरा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह… एकेका आळीचा आपापला घाट, आणि थंडी सरता सरता प्रत्येक घाटाचा आपापला कृष्णाबाईचा उत्सव. इथं नदी ही देवी आहे, आणि पाहुणी म्हणून ती आळीआळीत येते. ज्या नदीला घाबरून देवळाची पाठ टोकदार केली, तिलाच उत्सवात साडी-चोळी. आपलं नदीशी असलेलं नातं हे असं आहे.

मेणवलीची घंटा

वाईतून तीनेक किलोमीटरवर मेणवली. ‘स्वदेस’ पाहिला असेल तर हा घाट तुमच्या ओळखीचा आहे. शाहरुखचं चरणपूर ते हेच. ‘गंगाजल’ही इथल्याच परिसरात झाला. बरेच जण तेवढ्यासाठीच येतात, आणि येऊ देत. पण आलात तर घाटावरची घंटा नीट बघा.

नाना फडणवीसांना मेणवली हे गाव १७६८ साली इनाम मिळालं. त्यांनी इथं सहा चौकांचा वाडा बांधला, घाट बांधला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ बांधलं. घाटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ती पंचधातूची असेल, पुण्याच्या तांबटांनी ओतलेली असेल, असं आपण धरून चालतो. जवळ जा. घंटेवर एक बाई दिसेल, कडेवर मूल. ती मेरी आहे आणि कडेवर बाळ येशू. साल आहे १७०७.

ही चर्चची घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. भीमाशंकरला आहे ती अशीच. मेणवलीची घंटा नानांनी आपल्या घाटावर लावली.

आता यात गंमत काय आहे ते बघा. त्या काळी शत्रूची वस्तू वितळवून तोफ ओतता आली असती. मेरीचं चित्र छिन्नीनं खरवडून काढता आलं असतं. तसं कुणी केलं नाही. घंटा आहे तशी टांगली. त्यामुळं आज सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, शंकराच्या देवळाजवळ, पोर्तुगीजांच्या काळातली आई आपलं लेकरू घेऊन कृष्णेकडं बघत उभी आहे. लढाईचा इतिहास तिथं आहेच. पण तो जसाच्या तसा दिसतो, कारण कुणी तो पुसला नाही.

हीच गोष्ट आणखी मागं न्यायची असेल तर वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळच्या पालपेश्वर लेण्यांत जा. तिथं अंधारात शंकराची पिंड म्हणून जे पुजलं जातं, तो मुळात बौद्ध स्तूप आहे. वरचा भाग गेलेला, उरलेल्या गोल दगडावर बेल आणि पाणी. भिक्षू गेले, लेणी रानात पडली, मग कधीतरी आसपासच्या माणसांना तो गोल दगड देव वाटला. पूजा बदलली, पण पूजेमुळंच दगड टिकला. असं एका जागी थरावर थर दिसणं ही जुन्या गावांची खरी श्रीमंती. कुठला थर ‘आपला’ आणि कुठला ‘परका’ असं म्हणत खरवडायला बसलो, तर हातात फक्त भुगा येईल.

घाटापासून विश्वकोशापर्यंत

वाईत देवळांइतकीच महत्त्वाची आणखी एक जागा आहे, जिच्यासमोर कुणी सेल्फी काढत नाही. प्राज्ञपाठशाळा. केवलानंद सरस्वतींनी उभी केलेली संस्कृत आणि धर्मशास्त्र शिकवणारी ही संस्था. विनोबा भावे इथं शिकायला आले होते. लक्ष्मणशास्त्री जोशीही इथलेच विद्यार्थी. ते तर्कतीर्थ झाले, आणि शास्त्रं कोळून प्यायल्यावर त्यांनी ती शास्त्रं अस्पृश्यतेच्या विरोधात वापरली. १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, तो लावणारे पुरोहित हेच वाईचे तर्कतीर्थ.

पुढं त्यांच्याच संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईत सुरू झालं. पहिला खंड १९७६ मध्ये आला, आणि मुख्य खंड वीस झाले. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मराठीत काही शोधताना विश्वकोशाचं पान तुमच्यासमोर उघडलं असेल ना? त्या नोंदींच्या मागं हे घाटांचं गाव आहे. मुंबई-पुणे सोडून असं काम एका तालुक्याच्या गावात होऊ शकलं, कारण वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांची वस्ती तिथं आधीपासून होती. देवळं बांधली गेली, त्यांच्याभोवती पाठशाळा आल्या, पाठशाळांतून माणसं आली. एक दगड रचला की त्यावर काय काय उभं राहील, सांगता येत नाही.

परतताना विहिरीत उतरा

साताऱ्याकडं परत येताना हायवेवरून लिंबला आत वळा. इथली बारा मोटेची विहीर आता रील्समुळं सगळ्यांना माहीत झालीय. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वरून बघितलं तर पिंडीसारखा आकार, आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल! पायऱ्या उतरून जायचं, गार हवेत बसायचं, वर मोटा चालू. आमराईला पाणी द्यायला बांधलेली ही वास्तू. म्हणजे शेतीचं काम, पण बाईंनी ते राजवाड्यासारखं करवून घेतलं.

वाईला पाणी दूर सारायची अक्कल दिसते, लिंबला पाणी वर काढायची. दोन्हीकडं पाण्याचा विचार आधी आणि नक्षी नंतर. सांगलीच्या वाचकांनी पुढच्या वेळी आपल्या गणपती मंदिरात जाताना हेच डोक्यात ठेवावं. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम काढलं आणि ते पुरं व्हायला तीन दशकं लागली. गणपतीसोबत शिव, देवी, सूर्य आणि लक्ष्मीनारायण असं पंचायतन, आणि समोर तीच कृष्णा. एकच नदी, वाईपासून सांगलीपर्यंत. तिच्या काठावर राहणारी आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिच्याशी जुळवून घेत आलीत.

पूर परवडला, पण…

आणि आता थोडं कडू. ज्या भिंतीनं अडीच शतकांचे पूर झेलले, तिला आपण झेपेनासे झालोय.

घाटाच्या दगडावर बदामात कोरलेली नावं तुम्हीही पाहिली असतील. दगडाला लागलेली ती जखम भरत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सोडलेलं निर्माल्य नदीत विरघळत नाही. हे झालं आपण करतो ते. दुसरं आपल्या डोळ्यांदेखत होतं. गावागावांतल्या जुन्या देवळांना ‘जीर्णोद्धार’ म्हणून ऑइल पेंट फासला जातो, सांध्यांत सिमेंट भरलं जातं, वर चकचकीत टाइल्स. हेतू चांगलाच असतो, लोक पदरमोड करून वर्गणी देतात. पण जुन्या बांधकामातला चुना श्वास घेतो. भिंतीत मुरलेला ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो. सिमेंट आणि ऑइल पेंट ती वाट बंद करतात. ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणजे देऊळ नवं दिसतं आणि आतून खंगत जातं. पाण्याला वाट द्यायची, हे १७६२ च्या माणसाला कळलं होतं. आपण ती वाट हातानं बुजवतोय.

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? मोर्चा काढायची गरज नाही. तुमच्या गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची मीटिंग असेल तर जाऊन बसा. ‘रंगाऐवजी नुसतं धुऊन घेऊ, सांधे चुन्यानं भरू’ एवढं एक वाक्य बोला. ज्येष्ठ ऐकतात, फक्त कुणी सांगत नाही. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला असाल तर मित्रांसोबत एखाद्या जुन्या वाड्याचा किंवा बारवेचा नकाशा मापं घेऊन काढा. वाडा उद्या पडला तरी तो नकाशा राहील. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद असतील तर रद्दीत घालू नका. मोडी शिका, कुणी नाही तर तुम्हीच ते वाचाल. नाना फडणवीसांचे कागद आज ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासक वापरतात, ते कुणीतरी जपले म्हणूनच.

आणि रील काढायचा असेल तर बिनधास्त काढा. फक्त या वेळी कॅमेरा देवळाच्या मागं न्या. त्या टोकदार भिंतीपाशी उभं राहून सांगा, पाणी इथं का फुटतं. व्ह्यूज कमी येतील कदाचित. पण पाहणाऱ्यांतला एखादा तरी पुढच्या वेळी मागं चक्कर मारेल.

असं जा

- साताऱ्याहून वाई साधारण ३५ किलोमीटर. पाचवडहून आत वळायचं. पुण्याकडून येणाऱ्यांनी सुरूर फाट्याला वळावं. सांगलीकरांनी पहाटे निघावं, एका दिवसात होतं.
- आधी ढोल्या गणपती आणि काशी विश्वेश्वर, मग घाटांवरून पायी फेरी. दुपारच्या आत मेणवली.
- वेळ उरला तर धोमला जा. तिथल्या शिवमंदिरात कमळाच्या आकाराच्या कुंडात, दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. कुंडात पाणी असेल तर कासव तरंगतंय असं वाटतं.
- मेणवलीचा वाडा खासगी आहे. विचारून आत जा. घंटा वाजवून बघायचा मोह आवरा.
- पावसाळ्यात घाटावर उतरू नका. वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की पायऱ्या बघता बघता बुडतात.
- लिंबच्या विहिरीत कठड्यावर उभं राहून फोटो नको. ११० फूट म्हणजे खरंच ११० फूट.